आधुनिकवाद : नव्याचा जयजयकार की नव्याची उलटतपासणी?

(द्वितीय वर्ष, कला)

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा अभ्यास करताना विद्यार्थ्याला एक कोडे हमखास पडते. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून केशवसुतांचे (१८६६–१९०५) नाव आपण शाळेपासून लिहीत आलो आहोत. पुढे काही प्रकरणे उलटली की बा. सी. मर्ढेकर (१९०९–१९५६) येतात आणि मराठी कवितेत नवे युग सुरू झाल्याचे तेथे पुन्हा वाचायला मिळते. एकाच कवितेचे नवे युग दोनदा कसे सुरू होईल? परीक्षेपुरते उत्तर सोपे आहे : केशवसुत 'आधुनिक' आणि मर्ढेकर 'नव'. पण या दोन शब्दांत फरक कोणता, असे कुणी विचारले की आपली लेखणी अडखळते. हा फरक समजून घेण्यासाठी मराठीच्या बाहेर, युरोपात जावे लागते. प्रस्तुत लेखात तेवढा प्रवास करून पुन्हा घरी परतण्याचा विचार आहे. विषय मोठा आहे आणि लिहिणारी विद्यार्थिनी आहे, हे ध्यानात घेऊन प्राध्यापकवर्गाने व मित्रमैत्रिणींनी हा लेख वाचावा.

१. तीन शब्द

प्रथम तीन शब्द वेगळे केले पाहिजेत. आधुनिकीकरण म्हणजे बाहेरच्या जगातला बदल : आगगाडी, गिरणी, तार, छापखाना, दवाखाना, वाढती शहरे. आधुनिकता म्हणजे या बदलाबरोबर येणारी दृष्टी. जन्मावरून माणसाची किंमत ठरू नये, ग्रंथात आहे म्हणून कोणतीही गोष्ट खरी मानू नये, बुद्धीने तपासून घ्यावी आणि उद्याचा दिवस आजच्यापेक्षा चांगला करता येतो, हा तो विश्वास होय. आधुनिकवाद हा तिसरा शब्द. साधारणपणे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत युरोप-अमेरिकेत कला आणि विचार यांच्या क्षेत्रात जी मोठी उलथापालथ झाली, तिला हे नाव आहे.

आधुनिकवाद म्हणजे आधुनिकतेचा पुरस्कार, असे नावावरून वाटते. प्रत्यक्षात या चळवळीतील बहुतेक थोर कलावंतांनी आधुनिक जगाकडे संशयाने पाहिले. ते जुन्याकडे परत गेले नाहीत. जुने आता पुरत नाही हे त्यांना कळून चुकले होते. मात्र नव्यानेही दिलेला शब्द पाळलेला नाही, हे त्यांना दिसत होते. आधुनिकतेने परंपरेला कोर्टात उभे केले, तर आधुनिकवादाने आधुनिकतेलाच पिंजऱ्यात उभे करून तिची उलटतपासणी घेतली, असे म्हणता येईल.

आता केशवसुत आणि मर्ढेकर यांच्याकडे पाहावे. 'तुतारी' (१८९३) लिहिणाऱ्या केशवसुतांना जुन्या रूढींवर हल्ला चढवायचा आहे आणि नव्या युगावर त्यांची श्रद्धा आहे. मर्ढेकरांच्या हयातीत ते नवे युग येऊन ठेपले होते; त्याच्यासोबत गिरणीचा धूर, महायुद्ध आणि गर्दीतला एकटेपणाही आला होता. केशवसुत आधुनिक आहेत आणि मर्ढेकर आधुनिकवादी आहेत. दोन्ही प्रारंभ खरे आहेत. पण ते एकाच गोष्टीचे प्रारंभ नव्हेत.

२. पायाखालची जमीन

या संशयाचे मूळ तत्त्वज्ञानात आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८१ मध्ये 'शुद्ध बुद्धीची चिकित्सा' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. बुद्धीने जगाची परीक्षा करावी, हे कांटच्या आधीही अनेकांनी सांगितले होते. कांटने बुद्धीला स्वतःचीच परीक्षा घ्यायला लावली : आपल्याला काय कळू शकते आणि कोठे थांबावे लागते? अमेरिकन कलासमीक्षक क्लेमंट ग्रीनबर्ग याने पुढे १९६० च्या सुमारास कांटला पहिला खरा आधुनिकवादी ठरवले, ते याच कारणासाठी. स्वतःच्या साधनाचीच चिकित्सा करणे हे आधुनिकवादाचे लक्षण आहे. मग ते साधन बुद्धी असो, रंग असो की भाषा असो.

एकोणिसाव्या शतकात या चिकित्सेने वेग घेतला. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथाने माणसाला सृष्टीच्या सिंहासनावरून खाली उतरवून इतर प्राण्यांच्या रांगेत बसवले. मार्क्सने 'भांडवल' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात (१८६७) बाजारातल्या साध्या वस्तूमागे दडलेले श्रमाचे शोषण उघड केले. नीत्शेने १८८२ च्या एका ग्रंथात भर सकाळी कंदील पेटवून बाजारात ईश्वराला शोधणारा वेडा उभा केला. नीत्शेचा मुद्दा निव्वळ नास्तिकतेचा नव्हता. ज्या श्रद्धेवर नीतीची सारी इमारत उभी होती ती श्रद्धा गेली आहे आणि बाजारातल्या लोकांना त्याची खबरही नाही, हे त्याला दाखवायचे होते. फ्रॉइडच्या स्वप्नांवरील ग्रंथावर १९०० साल छापलेले आहे. आपल्या मनाचे मालक आपण नाही, असे त्याने सांगितले.

या चौघांचे आपसात पटले नसते. परंतु चौघांनी मिळून एक गोष्ट केली : जे वर दिसते त्याच्या तळाशी दुसरेच काही असते, हा संशय सुशिक्षित युरोपच्या मनात कायमचा रुजवला. जग जसे दिसते तसे नसेल, तर ते जसेच्या तसे रंगवून किंवा लिहून सत्य हाती कसे लागणार? येथून कलेचा प्रश्न सुरू होतो.

३. कॅमेऱ्याला दिलेले उत्तर

चित्रकारांना हा प्रश्न अगदी व्यवहारी स्वरूपात भेटला. १८३९ मध्ये पॅरिसमध्ये छायाचित्रणाच्या शोधाची जाहीर घोषणा झाली. हुबेहूब चेहरा काढून देणे हे ज्यांचे पोट होते, त्यांच्यापुढे एक यंत्र येऊन उभे राहिले. मग चित्रकाराने करावे तरी काय?

त्याच सुमारास पॅरिस शहर बदलत होते. १८५३ पासून पुढची सतरा वर्षे ओस्मान या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढले गेले. या शहरातली गर्दी, वेश्या, भिकारी, दिवे, चिखल हा काव्याचा विषय होऊ शकतो, हे कवी बोदलेअर याने दाखवून दिले. त्याचा 'पापाची फुले' हा संग्रह १८५७ मध्ये निघाला. त्याच वर्षी सार्वजनिक नीतीला बाध आणल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला, दंड झाला आणि सहा कविता काढून टाकाव्या लागल्या. फ्रान्सच्या न्यायालयाने हा निकाल रद्द केला तो १९४९ मध्ये, म्हणजे कवी जाऊन ऐंशीहून अधिक वर्षे लोटल्यावर.

माने याच्या 'ऑलिम्पिया' या चित्रावर १८६५ मध्ये असेच वादळ उठले. चित्रात विवस्त्र स्त्री होती म्हणून लोक चिडले नव्हते. तशा देवता प्रत्येक प्रदर्शनात असत. ही देवता नव्हती. ही त्यांच्याच शहरातली बाई होती आणि ती मान वर करून सरळ प्रेक्षकाकडे पाहत होती. पुढे १८७४ मध्ये मोने, रन्वार, देगा आदींनी स्वतंत्र प्रदर्शन भरवले. मोनेच्या एका चित्राच्या नावावरून एका टीकाकाराने त्यांची 'इंप्रेशनिस्ट' अशी टिंगल केली आणि टिंगलीचेच नाव पुढे मानाचे झाले. या मंडळींनी वस्तू रंगवण्यापेक्षा वस्तूवर पडलेला त्या क्षणाचा प्रकाश रंगवला. कॅमेऱ्याला दिलेले हे पहिले उत्तर होते.

दुसरे उत्तर अधिक कठीण होते. पिकासो आणि ब्राक यांचा क्यूबिझम किंवा घनवाद पाहून आपण गोंधळून जातो. तो समजून घ्यायला घरातला तांब्या पुरेसा आहे. एखाद्या लहान मुलाला तांब्या काढायला सांगा. ते तोंड पूर्ण गोल काढील, जणू वरून पाहिले आहे. आणि बूड सरळ रेषेने काढील, जणू समोरून पाहिले आहे. चित्रकलेचे शिक्षक म्हणतील, चुकले. एकाच जागेवरून दोन्ही दिसत नाहीत. पण ते मूल खोटे बोलत नसते. तांब्याचे तोंड गोल आहे आणि बूड सपाट आहे, हे त्याला ठाऊक असते. आपण वस्तू एका जागी खिळून कधीच पाहत नाही. फिरून, हाताळून, आठवून पाहतो. एकाच डोळ्याने, एकाच बिंदूवरून पाहण्याचा नियम युरोपने पंधराव्या शतकात पक्का केला होता. घनवादाने तो मोडला.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. १९०७ च्या 'आव्हिन्यॉच्या तरुणी' या पिकासोच्या चित्रात जे चेहरे आहेत, त्यांच्यामागे आफ्रिकी मुखवट्यांचा मोठा प्रभाव आहे. ते मुखवटे पॅरिसच्या संग्रहालयात वसाहतींमधून आलेले होते. युरोपची सर्वांत नवी कला ज्यांना युरोप मागासलेले म्हणत होता त्यांच्या जुन्या कलेपासून शिकली, हे विसरता कामा नये.

४. महायुद्ध आणि १९२२

१९१४ ते १९१८ या महायुद्धात सुमारे एक कोटी सैनिक मेले. १ जुलै १९१६ या एकाच दिवशी फ्रान्समधील सोमच्या लढाईत १९,००० हून अधिक ब्रिटिश सैनिक ठार झाले. आपल्या देशातूनही दहा लाखांहून अधिक माणसे या युद्धासाठी समुद्रापार गेली. विज्ञान, शिस्त, कारखाने, रेल्वे ही प्रगतीची सारी साधने माणसे मारण्यासाठी एकत्र आली. प्रगतीवरचा विश्वास ज्यांनी आधी तर्काने तपासला होता, त्यांना आता तो डोळ्यांदेखत कोसळताना दिसला. १९१६ मध्येच झुरिच येथे काही तरुणांनी 'दादा' ही चळवळ काढली. शहाण्या जगाने हे युद्ध केले असेल तर आम्ही वेडेपणाच करू, अशी त्यांची भूमिका होती.

या राखेतून १९२२ मध्ये दोन कृती वर आल्या. टी. एस. एलियट यांची 'द वेस्ट लँड' ही ४३४ ओळींची कविता तुकड्यातुकड्यांनी बनलेली आहे. एक आवाज मधेच तुटतो, दुसरा सुरू होतो. दारूच्या गुत्त्यातले बोलणे पुराणकथेला येऊन भिडते. लंडनच्या एका बँकेत नोकरी करता करता एलियट यांनी ती लिहिली आणि एझ्रा पाउंड या मित्राने तिच्यावर कात्री चालवली. आपल्याला विशेष वाटावी अशी गोष्ट तिच्या शेवटच्या भागात आहे. देव, मानव आणि असुर यांनी मेघगर्जनेतल्या 'द' या एकाच अक्षराचे तीन अर्थ घेतले, ही बृहदारण्यक उपनिषदातील कथा तेथे आधाराला घेतलेली आहे. एलियट यांनी हार्वर्ड विद्यापीठात संस्कृतचा अभ्यास केला होता.

दुसरी कृती जेम्स जॉईस यांची 'युलिसिस' ही कादंबरी. १६ जून १९०४ हा एक दिवस, डब्लिन हे एक शहर आणि जाहिराती मिळवत फिरणारा एक साधा माणूस, एवढ्यावर हा प्रचंड ग्रंथ उभा आहे. विचार मनात जसे एकामागून एक येतात तसे ते कागदावर उतरवण्याची जी पद्धत तेथे आहे, तिला आपण 'संज्ञाप्रवाह' म्हणतो. हे नाव मूळचे मानसशास्त्रातले. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये ते रूढ केले. ही पद्धत अनोळखी वाटायचे कारण नाही. एस.टी.च्या खिडकीशी बसलेल्या मुलीच्या मनात फी भरायची तारीख, पुढच्या बाकावरच्या बाईची बांगडी, सकाळी आई बोलली ते आणि कधीकाळी मेलेले वासरू हे सारे एका मिनिटात येऊन जाते. जुनी कादंबरी त्यातले 'महत्त्वाचे' तेवढे निवडून ओळीने मांडायची. जॉईस यांनी निवड न करण्याचा आभास निर्माण केला.

याच काळात प्राग शहरात फ्रान्झ काफ्का (१८८३–१९२४) कामगारांच्या अपघात विम्याच्या कचेरीत दिवसा नोकरी करून रात्री लिहीत होता. गुन्हा काय हे न कळताच ज्याच्यावर खटला चालतो, असा माणूस त्याने उभा केला. बँक, जाहिरात, विमा! यंत्रयुगाच्या कचेऱ्यांनीच आपले साक्षीदार जन्माला घातले, असे वाटल्यावाचून राहत नाही.

५. दरवाजा कोणासाठी?

येथपर्यंतची मांडणी कोणत्याही चांगल्या पुस्तकात सापडेल. मला पडलेला प्रश्न यापुढचा आहे. हे सारे लेखन कठीण आहे. एलियट यांनी तर कवितेला स्वतःच टीपा जोडल्या. मग ते कोणासाठी लिहिलेले आहे? माझ्या घरातून कॉलेजात येणारी मी पहिली. आमच्या घरी पुस्तक म्हणजे पोथी आणि क्रमिक पुस्तक. अशा घरातून आलेल्यांना या कलेत जागा आहे काय?

उत्तर शोधताना व्हर्जिनिया वुल्फ (१८८२–१९४१) यांच्यापाशी थांबावे लागते. 'मिसेस डॅलोवे' (१९२५) आणि 'टू द लाइटहाउस' (१९२७) लिहिणाऱ्या वुल्फ आधुनिकवादी कादंबरीच्या अग्रणी होत. त्यांच्या भावांना केंब्रिज विद्यापीठ मिळाले. त्यांना ते मिळाले नाही. केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या देण्यास सुरुवात केली ती १९४८ मध्ये. त्यांच्या १९२९ च्या एका प्रसिद्ध निबंधातील निवेदिका विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या दाराशी जाते आणि सोबत कुणी अधिकारी पुरुष किंवा शिफारसपत्र नसल्याने तिला परत फिरावे लागते. हा प्रसंग वाचताना आपले मन त्यांच्या बाजूने उभे राहते. पण याच वुल्फ यांनी १९२२ मध्ये 'युलिसिस' वाचत असताना आपल्या रोजनिशीत त्या ग्रंथाला स्वतःच्या बळावर शिकलेल्या कामकरी माणसाचे पुस्तक म्हणून हिणवले. जॉईस वास्तविक विद्यापीठाचे पदवीधर होते. पण मुद्दा तो नाही. स्वतः शिकलेला कामकरी माणूस ही त्यांच्या लेखी शिवी होती. ज्यांना दारावर अडवले गेले, त्यांनीच दुसऱ्या कुणासाठी दार लावून घेतले.

आणि एवढ्यावर हे थांबत नाही. इटलीतील मारिनेत्ती याने १९०९ मध्ये भविष्यवादाचा जाहीरनामा काढून वेगाचे आणि युद्धाचे गोडवे गायले. पुढे तो फॅसिस्टांच्या बाजूला गेला. एझ्रा पाउंड यांनी दुसऱ्या महायुद्धात रोम रेडिओवरून मुसोलिनीच्या बाजूने भाषणे केली. म्हणजे, रूप नवे असले की मन उदार असतेच असे नाही.

पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. जर्मनीत १९१९ मध्ये सुरू झालेल्या बाउहाउस या कलाशाळेने खुर्ची, दिवा, घर अशा रोजच्या वस्तूंना साधे आणि सुबक रूप देण्याचा ध्यास घेतला. नाझी सत्तेवर आले आणि १९३३ मध्ये ती शाळा बंद झाली. १९३७ मध्ये म्युनिक येथे नाझींनी 'अधःपतित कला' या नावाने प्रदर्शन भरवून सुमारे ६५० आधुनिक कलाकृतींची जाहीर विटंबना केली. हुकूमशाहीला या कलेची भीती वाटली. जी कला पाहणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यायला शिकवते, ती पाहणारा घोषणांवर सहजासहजी विश्वास ठेवत नाही.

तात्पर्य, आधुनिकवाद हा एक पक्ष नाही. ते एक हत्यार आहे. ते कोणाच्या हातात जाते यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.

६. मराठीतला आधुनिकवाद

हे हत्यार आपल्याकडे कसे आले? आधुनिकवाद ही पाश्चात्त्यांची उसनवारी आहे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य नाही असे नाही. मर्ढेकर लंडनला राहून आले होते. एलियट त्यांनी वाचले होते. परंतु मुंबईत आगगाडी १८५३ मध्ये धावली आणि पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ मध्ये झाली. चाळ, भोंगा, लोकलची गर्दी हे काही पुस्तकातून आलेले नव्हते. अनुभव येथे तयार होता. त्याला भाषा मिळायची होती.

ती 'काही कविता' (१९४७) आणि 'आणखी काही कविता' (१९५१) या संग्रहांनी दिली. पिंपात मरून पडलेले उंदीर हा मराठी कवितेचा विषय होऊ शकतो, याचा केवढा धक्का त्या पिढीला बसला असेल! बोदलेअरप्रमाणेच मर्ढेकरांवरही अश्लीलतेचा खटला झाला. फरक एवढाच की ते निर्दोष सुटले. त्याआधी १९४२ मध्ये त्यांनी 'रात्रीचा दिवस' ही संज्ञाप्रवाही कादंबरी लिहिली होती. उसनवारीचा आक्षेप घेणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीचा विचार करावा. यंत्रयुगाची ही विदारक जाणीव मर्ढेकरांनी कित्येकदा अभंग आणि ओवी यांच्या घाटात ओतली. संतांचा घाट आणि शहराचा आशय यांची टक्कर ही त्या कवितेची खरी शक्ती आहे आणि ती टक्कर इंग्रजीतून उसनी आणता येत नाही.

चित्रकलेत हेच घडत होते. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. मूळचे गोव्याचे सूझा, तसेच रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाक्रे हे त्याचे सहा सदस्य. १९४२ च्या आंदोलनाशी संबंध ठेवल्यामुळे सूझांना जे. जे. कलाशाळेतून काढून टाकण्यात आले होते. पंढरपुरात जन्मलेले हुसेन सिनेमाचे फलक रंगवत. आरा यांनी लोकांच्या घरी काम केले होते, मोटारी धुतल्या होत्या. या तरुणांच्या पाठीशी उभे राहिलेल्यांत लँगहॅमर, फॉन लायडेन आणि श्लेसिंगर हे तिघे होते. तिघेही हिटलरच्या छायेतून निघून मुंबईत आलेले. म्युनिकमध्ये ज्या कलेची विटंबना झाली, तिचे प्रेम घेऊन आलेली माणसे मुंबईत मोटारी धुणाऱ्या चित्रकाराच्या पाठीशी उभी राहिली. वुल्फ यांनी हिणवलेला तो स्वतः शिकलेला कामकरी माणूस येथे चित्रकार म्हणून ताठ उभा आहे.

७. भग्नता कोणाची?

'सत्यकथे'च्या पानांतून नवकथा आणि नवकविता स्थिरावली. १९५४-५५ च्या सुमारास अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आदींच्या 'शब्द'पासून लघुनियतकालिकांची लाट आली. १९६३ मध्ये भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आणि बाबुराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ (१९४९–२०१४) यांचा 'गोलपिठा' आला.

'गोलपिठा'ला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. या कवितेतल्या कितीतरी शब्दांचे अर्थ तेंडुलकरांना खुद्द कवीलाच विचारावे लागले होते. मला ही घटना फार महत्त्वाची वाटते. तोपर्यंत दुर्बोधता म्हणजे संस्कृत, इंग्रजी, फ्रेंच पुराणकथांचे संदर्भ. ते ज्याला माहीत नाहीत तो अडाणी. येथे तक्ता फिरला. मुंबईच्या कामाठीपुऱ्याची बोली न येणारा जाणता साहित्यिक विद्यार्थी झाला आणि टॅक्सी चालवणारा कवी शिक्षक झाला. दुर्बोधता हा कवितेचा गुण किंवा दोष नसून वाचणारा कोठे उभा आहे यावर ती ठरते, हे यातून स्पष्ट होते.

त्याहून खोल एक फरक आहे. एलियट यांना जग तुकड्यातुकड्यांचे दिसते, आणि त्याचे त्यांना दुःख आहे. कारण एके काळी ते अखंड होते, अशी त्यांची धारणा आहे. देऊळ, परंपरा, अभिजात ग्रंथ यांची ती अखंडता ज्यांच्या मालकीची होती, त्यांना भग्नता ही हानी वाटणारच. पण ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले, ज्यांना त्या देवळाची पायरीही चढू दिली नाही, त्यांचे काय फुटले? त्यांच्या दृष्टीने भिंत पडली. म्हणून ढसाळांच्या कवितेत मोडतोड आहे, विरूपता आहे, शिव्या आहेत. पण हरवलेल्या वैभवाचा शोक नाही. रूप युरोपीय आधुनिकवादाशी नाते सांगणारे आणि भाव त्याच्या उलट, हा दलित कवितेने आधुनिकवादात घातलेला नवा अर्थ आहे. तो युरोपातही नव्हता आणि मर्ढेकरांतही नव्हता.

८. संशय परवडतो काय?

शेवटी एक अडचण उरते आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आधुनिकवाद बुद्धी, विज्ञान आणि प्रगती यांवर संशय घ्यायला शिकवतो. पण ज्यांच्या घरी बुद्धी, विज्ञान आणि प्रगती आत्ता कोठे उंबरा ओलांडून येत आहेत, त्यांनी काय करावे? महाडचे तळे १९२७ मध्ये खुले करायला निघालेल्यांना समता या आधुनिक मूल्यावर पूर्ण श्रद्धाच हवी होती. ज्याच्या पोटात अन्न आहे त्याने उपवासाचे तत्त्वज्ञान सांगावे, तसे तर हे होत नाही ना?

मला वाटते, संशय आणि नकार यांत गल्लत केल्यामुळे ही अडचण उभी राहते. याचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात आहे. त्यांच्या इतका आधुनिक मूल्यांचा कट्टर कैवारी दुसरा दाखवता येणार नाही. तरीही राज्यघटना हातात देताना त्यांनी जयघोष केला नाही. २६ जानेवारी १९५० पासून आपण विसंगतींच्या जीवनात प्रवेश करणार आहोत, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता असेल, असा इशारा त्यांनी दिला. स्वतःच घडवलेल्या आधुनिक वास्तूची पायाभरणीच्या वेळीच केलेली ही उलटतपासणी होय. आधुनिक मूल्ये नाकारण्यासाठी त्यांनी ती केली नाही. त्या मूल्यांनी आपला शब्द पाळावा म्हणून केली. कांटने बुद्धीची चिकित्सा केली तीही बुद्धी टाकून देण्यासाठी नव्हे.

म्हणून आधुनिकवाद हा अभ्यासक्रमातला एक कालखंड म्हणून पाठ करण्याचा विषय नाही, असे मला वाटते. वर्गात कठीण कविता आली की आपण 'कवीला काय म्हणायचे आहे?' एवढाच प्रश्न विचारतो आणि मार्गदर्शकात उत्तर शोधतो. त्याऐवजी तीन प्रश्न विचारून पाहावेत. येथे काय मोडले आहे? ते का मोडावे लागले? आणि जे मोडले ते कोणाच्या मालकीचे होते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे ग्रंथालयात मिळतील. तिसऱ्याचे उत्तर देण्यासाठी आपण कोणत्या घरातून आलो हे विसरून चालणार नाही, आणि तेथे आमच्यासारख्या पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलामुलींना काही सांगण्यासारखे नक्कीच आहे.